मनसारामच्या छातीतला पांढरा गोळा

मित्रांनो, मी एक जुनी एक्स-रे मशीन आहे. सत्तावीस वर्षं एकाच खोलीत उभी आहे आणि खरं सांगायचं तर आता उभं राहण्याचाही कंटाळा येतो. सिंदेवाहीकडून गडचिरोलीकडे जाताना एक मोठा तलाव लागतो. त्याच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, एक सरकारी दवाखाना आहे. त्या दवाखान्याच्या शेवटच्या टोकाला, जिथे खिडकी नाही आणि दारात शिशाचा पत्रा बसवलेला आहे, ती माझी खोली. दाराबाहेर लाल दिवा आहे. तो लागला की आत येऊ नये अशी पाटी आहे, आणि लोक ती पाटी वाचता वाचताच आत येतात.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझ्या पोटात एक काचेची नळी बसवली आणि तिच्यातली सगळी हवा काढून घेतली. नळीच्या एका टोकाला बारीक तार, दुसऱ्या टोकाला टंगस्टन धातूची चकती. वीज आली की तार तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्या चकतीवर जाऊन जोरात आदळतात. त्या आदळण्यातून क्ष-किरण निघतात. ऐकायला हे छान वाटतं. पण शंभर भाग मेहनत केली तर त्यातला जेमतेम एक भाग किरण होतो, बाकी सगळी नुसती उष्णता. म्हणजे माझ्या आयुष्यातली बहुतेक ताकद स्वतःलाच तापवण्यात गेली. माझ्या थकव्याचं कारण हे असं आहे.

आमचं घराणं मात्र फार मोठं. विद्युतचुंबकीय तरंग म्हणतात आम्हांला. तलावातल्या लाटेला पाणी लागतं, आवाजाला हवा लागते, आमच्या घराण्याला पुढे जायला काहीच लागत नाही. म्हणून तर सूर्याचं ऊन मधल्या रिकाम्या पोकळीतून आठ-सव्वाआठ मिनिटांत तुमच्या अंगणात वाळत घातलेल्या मोहाफुलांवर येऊन पडतं. पोकळीत आम्ही सगळे सारख्याच वेगानं धावतो, एका सेकंदाला तीन लाख किलोमीटर. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. फरक फक्त लाटेच्या लांबीत. कोणाची लाट हातभर, कोणाची मैलभर, कोणाची डोळ्यांनाच काय, कल्पनेलाही दिसणार नाही इतकी आखूड. लाट जितकी आखूड तितकी तिच्यात ताकद जास्त.

आमची भावंडं शोधायला तुम्हांला लांब जायला नको. याच दवाखान्यात सगळी नांदतात. मागच्या टेकाडावर मोबाइलचा टॉवर आहे, तिथली लाट लांब पल्ल्याची. तिचं घर रेडिओच्या नात्यातलं. बाळंतिणींच्या खोलीत नुकत्या जन्मलेल्या लेकराला ऊब देणारी जी तापलेली कांडी आहे, तिच्यातून अवरक्त किरण येतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण अंगाला कळतात. टीव्हीच्या रिमोटमध्येही तेच. कावीळ झालेल्या बाळावर निळा उजेड सोडतात, तो साधा दिसणारा प्रकाश. पाण्याच्या टाकीजवळच्या यंत्रात अतिनील किरणांची नळी आहे, ती पाण्यातले जंतू मारते. आणि मग मी. माझ्याही पलीकडे गॅमा किरण आहेत, पण ते मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात राहतात. आमच्यासारख्या आडगावच्या नातेवाइकांकडे ते येत नाहीत.

माझा स्वभाव सोपा आहे. मी सरळ रेषेत जाते. कातडी, मांस, फुप्फुसातली हवा यांच्यातून मी सहज आरपार निघते. हाडात बरीचशी अडते. शिशापुढे हात टेकते. मी जिथून पार जाते तिथे फिल्म काळी पडते, जिथे अडते तिथे ती पांढरी राहते. बस, एवढंच माझं काम. मी खोटं दाखवत नाही. पण मला बोलता येत नाही, आणि या दोन गोष्टींमध्ये माणसं किती हाल सोसतात ते मी डोळ्यांसमोर पाहिलं आहे.

पहिली काही वर्षं माझे मोठे लाड झाले. मी आले त्या दिवशी नारळ फुटला, हार घातला, तालुक्याहून पाहुणे आले. तोपर्यंत मोडलेलं हाड पाहायलाही लोकांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निजवून लांब न्यावं लागे. माझ्यामुळे ती फरफट थांबली. मोहाच्या झाडावरून पडलेले, तेंदूपत्ता तोडताना अस्वलानं खांदा फोडलेले, रुपया गिळून निवांत हसणारी लेकरं, सगळी माझ्यापुढे उभी राहिली. फोटोवाली म्हणायचे मला. वारलूभाऊ हा इथला शिपाई. तो पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे. तो रोज सकाळी मला फडक्यानं पुसायचा आणि म्हणायचा, "चाल वं बाई, लोकायचे हाडकं मोज."

मग दिवस फिरले. छत गळू लागलं. उंदरांनी एक केबल कुरतडली. व्होल्टेज तर इथे कधी धड नसतंच. दुपारी शेतातले पंप सुरू झाले की माझ्यापर्यंत वीज पोहोचते ती धापा टाकत. वीज कमी आली की किरण अशक्त निघतात, फोटो फिका येतो. मोठ्या साहेबांना अर्ज गेले, त्यांची उत्तरं आली, उत्तरांवर पुन्हा अर्ज गेले. आता वारलूभाऊ मला पुसत नाही. त्याच्याही गुडघ्यांनी संप पुकारलाय, त्याला मी दोष देत नाही.

सात वर्षांपूर्वी रंजीता आली, माझी टेक्निशियन. कामाची पोरगी, पण एकटी. दिवसाला चाळीस-चाळीस माणसं, फोटो काढायचे तिनं, अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म धुवायची तिनं, वाळवायची तिनं, नावं लिहायची तिनं. संध्याकाळी ती माझ्याजवळच्या स्टुलावर टेकायची तेव्हा आम्ही दोघी सारख्याच तापलेल्या असायचो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. मला तीच सांगायची आहे. बाकी सगळं आपलं ओळख करून द्यायला होतं.

मनसाराम नावाचा एक म्हातारा कोळी खोकत खोकत आला. साठीचा असेल. तलावाच्या पलीकडच्या काठावर, डोंगराच्या आडोशाला त्याचं गाव. जन्मभर त्यानं या तलावात जाळी टाकली. त्यांच्यात पहिल्यांदा एकट्यानं जाळं टाकायला निघालेल्या पोराच्या गळ्यात बाप आपल्या जाळ्याच्या काठाची शिशाची एक गोळी काळ्या दोऱ्यात ओवून बांधतो. ती त्यांच्या घरची रीत. मनसारामच्या गळ्यातली ती गोळी चव्वेचाळीस वर्षांत एकदाही निघाली नव्हती. जाळं तळाच्या खुंटाला अडकलं की बुडी मारून सोडवावं लागतं, आणि बुडी मारताना गोळी पुढे लोंबली तर दोरा जाळ्यात गुंततो. म्हणून श्वास भरून घेतला की हे लोक दोऱ्याला एक झटका देतात आणि गोळी पाठीवर, बंडीच्या आत टाकतात. त्यासाठी त्यांना विचार करावा लागत नाही. हात आपोआप जातो.

रंजीतानं त्याला शर्ट काढायला लावला. थंडी होती, म्हणून बंडी राहू दिली.

"भाऊ, गयातलं काढून ठेवा," ती म्हणाली. "धातूचं काई अंगावर नोको."

"हो बाई."

तो गाठ सोडू लागला. चव्वेचाळीस वर्षांची गाठ ती, अशी कशी सुटेल. रंजीताचं लक्ष तोवर काट्याकडे होतं, कारण व्होल्टेज खाली-वर होत होतं आणि बाहेर अजून तीस माणसं बसली होती. तिनं त्याला छाती फिल्मच्या पेटीला टेकवून उभं केलं, म्हणजे त्याची पाठ माझ्याकडे आली, आणि ती शिशाच्या पडद्यामागे गेली.

"मोठा श्वास घ्या. रोखून धरा."

मित्रांनो, तिनं एवढं म्हटलं आणि मनसारामचा हात गळ्याकडे गेला. श्वास भरला, म्हणजे आता बुडी. त्यानं दोऱ्याला झटका दिला, गोळी पाठीवर गेली, जराशी डावीकडे, आणि रंजीतानं बटण दाबलं. मी निघाले. बंडीतून गेले, आणि कातडीला लागण्याआधीच त्या गोळीपाशी जाऊन थांबले. दुसरं मी काय करणार होते?

फोटो फिका आला. डाव्या फुप्फुसावर एक गोल पांढरा गोळा. पण त्याच फोटोत उजवीकडे, अगदी वर, गळ्याच्या हाडाखाली एक धूसर ढग होता. लहानसा, पिंजलेल्या कापसाच्या बोळ्याएवढा. मनसारामचा खरा आजार तो होता. गोळा त्याच्या पाठीवर होता आणि ढग त्याच्या आत होता. मी दोन्ही दाखवले. पण फिक्या फोटोत ढग कोण पाहतो, जेव्हा गोळा एवढा डोळ्यांत भरतो? डॉक्टर नवे होते, तेही चाळीस माणसं तपासून दमलेले. त्यांनी फोटो उजेडाच्या पेटीवर लावला, बराच वेळ पाहिला, आणि मनसारामला मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. थुंकी तपासायचं राहून गेलं. एवढा मोठा गोळा दिसत असताना थुंकीची आठवण कोणाला येणार.

मनसाराम फोटो हातात घेऊन माझ्या दारात उभा राहिला. आत रंजीता पुढच्या माणसाला उभं करत होती.

"बाई, हा गोल काय होय?"

"साहेबांनी सांगतलं नं, भाऊ. मोठ्या दवाखान्यात जा. तिथी तपासतीन."

"गाठ होय का?"

रंजीता गप्प राहिली. तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना बोलायचं नाही असं तिला शिकवलेलं होतं. पण अशा वेळी माणसं गप्प राहण्याचा अर्थ एकच काढतात. त्यानं फोटो तिच्याच टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हे राहू द्या इथीच. घरी बायको पाहीन." तो निघून गेला. गोळी अजून त्याच्या पाठीवरच होती.

त्या दिवशी मला माझ्या मुकेपणाचा फार राग आला. टॉवरवरच्या माझ्या बहिणी दिवसभर जगाचं बोलणं इकडून तिकडे वाहून नेतात, कोणाच्या लग्नाचं, कोणाच्या भांडणाचं. मला एक वाक्य पुरलं असतं. पाठ पाहा, एवढंच.

दोन महिने गेले. रोज नवी माणसं, रोज नवी हाडं. वीज मंडळानं मध्येच एक नवा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि माझे फोटो जरा तरतरीत येऊ लागले. मार्चमध्ये एका सकाळी गर्दी कमी होती. रंजीता जुने फोटो पाकिटात घालायला बसली. मनसारामचा फोटो हाती आला तेव्हा तिनं तो सहज उजेडाच्या पेटीवर लावला.

प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक अक्षर असतं. उजवी बाजू कोणती हे कळावं म्हणून फिल्मच्या पेटीवर शिशाचं लहानसं अक्षर चिकटवतात. मी त्याच्यातून जात नाही, म्हणून ते पांढरं स्वच्छ उठतं. रंजीता त्या अक्षराकडे पाहत राहिली. मग गोळ्याकडे. मग पुन्हा अक्षराकडे. फिक्या फोटोत फासळ्यासुद्धा करड्या दिसत होत्या, पण गोळा आणि अक्षर मात्र एकाच पांढऱ्या रंगाचे होते. गोळ्याची कडाही अशी होती, जशी कोणी विळ्यानं कापली असावी.

"वारलूभाऊ," ती हाक मारून म्हणाली, "माणसाच्या आंगात हाडापेक्षा पांढरं काई असते का हो?"

"मले काय पुसता, बाई? मी दार लावणारा माणूस."

"नसते," ती स्वतःशीच म्हणाली. "हे आंगातलं नोहे. हे शिसं होय."

मग तिची नजर उजवीकडे वर गेली, त्या ढगाकडे. ती स्टुलावर खाली बसली.

तिनं फोन लावला. मनसारामचं गाव डोंगराच्या मागे, आणि टॉवरवरच्या बहिणी कितीही धावल्या तरी डोंगर फोडून पलीकडे जाता येत नाही त्यांना. फोन लागेना. तीन दिवस लागेना. चौथ्या दिवशी रविवार होता. ती सुट्टी घालवायला घरी गेली नाही, एसटीनं आणि पुढे पायी त्या गावाला गेली. तिथे काय घडलं ते तिनं सोमवारी वारलूभाऊला सांगितलं, तेच मला माहीत आहे.

मनसाराम खाटेवर पडून होता. मोठ्या दवाखान्यात तो गेलाच नव्हता. गाठ आहे, आता कापाकापी, मग मरण, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. जाळं त्यानं पुतण्याला देऊन टाकलं होतं. मुलगा आणि सून तेलंगणात मिरची तोडायला गेलेले, त्यांना कळवायचं नाही अशी बायकोला, गोकुळाबाईला, शपथ घातली होती. दोन महिने तो घरात बसून खोकत होता.

"मी म्हटलं, भाऊ, गयात काय बांधता?" रंजीता सांगत होती. "त्यानं पाठीमागून हात घालून गोळी काढून दाखवली. हे होय म्हणे, बाई, बापाचं. मी तिथीच कपाळाले हात लावला. त्याच्या पाया पडायचं बाकी ठेवलं मी, वारलूभाऊ."

"तुमची काय चूक? तुमी सांगतलं होतं नं काढा म्हणून."

"सांगतलं होतं. पाह्यलं नाई."

दुसऱ्या दिवशी गोकुळाबाई त्याला घेऊन आली. नुसता सांगाडा उरला होता. रंजीतानं या वेळी शर्ट, बंडी, सगळं उतरवायला लावलं, दोरा स्वतः कात्रीनं कापला आणि गोळी गोकुळाबाईच्या मुठीत दिली. मग तिनं त्याची पाठ हातानं चाचपून पाहिली.

"म्हणजे मले गाठ नाई?" मनसारामनं विचारलं.

"नाई भाऊ. गोळा तुमच्या पाठीवर होता."

तो हसू लागला. "दोन महिने मी गोळीच्या भेवानं मरून राह्यलो होतो," तो म्हणाला आणि त्या हसण्यातूनच त्याला खोकला आला. तो खोकला बराच वेळ थांबेना. हसू आधीच थांबलं होतं.

फोटो चांगला आला. गोळा नव्हता. पण उजवीकडचा ढग आता कापसाच्या बोळ्याएवढा राहिला नव्हता, तो तळहाताएवढा झाला होता आणि त्याच्या मधोमध एक पोकळी पडली होती. थुंकीही तपासली. डॉक्टर माझ्याच खोलीत आले, फोटोपुढे उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. पहिल्या फोटोतला ढग त्यांनी आता पाहिला होता.

"टीबी आहे," ते म्हणाले. "गोळ्यांनी बरा होतो. सहा महिने रोज घ्यायच्या, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. मीच दोन महिने घालवले तुमचे." मग त्यांनी विचारलं, "घरात लहान कोणी आहे?"

गोकुळाबाईनं पदर तोंडाला लावला. "नात आहे, साहेब. पायल. पोरगा-सून मिरचीले गेले तवापासून आमच्यापाशीच हाये. आबाजीबिगर झोपतच नाई ते."

मनसाराम भिंतीला टेकला. इतका वेळ त्याला स्वतःच्या मरणाचीच भीती वाटत होती. ती भीती गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, आणि ही खरी होती. मला त्याचं तोंड पाहवलं नाही. नजर फिरवायची सोय माझ्यात कोणी केलेली नाही.

मित्रांनो, मी लवकरच निघणार आहे. नवी मशीन येणार असं म्हणतात. तिला फिल्म लागत नाही, फोटो लगेच पडद्यावर दिसतो आणि तारेवाचून शहरातल्या डॉक्टरकडे पोहोचतो. टॉवरच्या बहिणींचं आणि तिचं जमेल. ती आली तर मला आनंदच आहे, दमलेल्या बाईला बसायला सांगितल्यावर होतो तसा. जाताना एवढंच मागते. माझ्यासारख्या मशीनपुढे उभं राहायची वेळ आली तर अंगावरचं सगळं खरोखर काढा, आणि एखादी गोष्ट काढता येत नसेल तर तसं सांगा, लाजू नका. कागदावर काही भयंकर दिसलं तर घरी जाऊन पडू नका, पुन्हा विचारा. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या. आणि मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणी असे फोटो पाहायला बसलं तर जे डोळ्यांत भरतं ते पाहून झाल्यावर उरलेला फोटोही पाहा. माझी केबल वेळेवर दुरुस्त झाली असती, वीज धड मिळाली असती, तर तो ढग जानेवारीतच उठून दिसला असता. यंत्राची हयगय शेवटी कोणाला भोवते ते मी पाहिलं आहे. ती यंत्राला भोवत नाही.

पायलच्या फोटोचं मात्र सांगायचं राहिलं.

तिला दुसऱ्या दिवशी आणलं. पहिलीत जाणारी पोर, दोन वेण्या, एक पाय दुसऱ्या पायावर. मला पाहून ती दाराची चौकट धरून बसली. लहान मूल एकटं उभं राहत नसेल तर घरचं कोणी धरायला घेतात. त्यासाठी एक जड झगा असतो, शिसं घातलेला, कारण माझे किरण कामाचे असले तरी उगाच अंगावर घ्यायचे नसतात. गोकुळाबाई पुढे झाली. पण मनसाराम म्हणाला, "मी धरतो." रंजीतानं त्याच्या तोंडाला मास्क बांधला आणि तो झगा त्याच्या अंगात घातला. त्या वजनानं तो वाकला, पण उभा राहिला.

"तिचे हात वर धरा, भाऊ. तुमचे बोटं मधी नोका आणू. फोटोत येतीन."

"हो बाई."

पायलनं श्वास घेतला आणि रोखला. लहान लेकरं श्वास रोखतात तेव्हा डोळेही मिटतात. मी माझं काम केलं.

फिल्म धुऊन आली. बारीक बारीक फासळ्या, मुठीएवढं हृदय, आणि हृदयाशेजारी, श्वासनळीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे, एक लहानशी सावली. डॉक्टर म्हणाले, आजार आहे, पण सुरुवात आहे, आज गोळ्या सुरू केल्या तर ती पूर्ण बरी होईल. मग त्यांनी फोटोच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांकडे बोट दाखवलं. तिथे मोठ्या माणसाच्या बोटांची हाडं उमटली होती, गाठी सुजलेली, जाळी ओढून वाकडी झालेली, पोरीच्या दंडांभोवती घट्ट आवळलेली.

"बोटं आली आहेत," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा काढायचा का?"

"छाती पूर्ण दिसून राह्यली, साहेब," रंजीता म्हणाली. "लेकराले दुसऱ्यांदा कायले?"

डॉक्टरांनी मान हलवली. मनसाराम अजून झगा घालूनच उभा होता. तो पुढे आला आणि त्यानं उजेडाच्या पेटीवरचा तो फोटो जवळून पाहिला. आधी ती सावली पाहिली, पुष्कळ वेळ. मग कोपऱ्यातली आपली बोटं.

"तुमी सांगतलं होतं, बाई," तो म्हणाला, "बोटं काढा म्हणून. माह्यानं नाई झालं."

रंजीतानं त्याच्या अंगातला झगा उतरवून घेतला आणि फोटो पाकिटात घालून वर पायलचं नाव लिहिलं.